बँका व विमा संस्थांच्या कार्यक्षमतेचे मापन : पद्धती, मर्यादा व सातारा-सांगलीचा अनुभव

प्रस्तावना

२ सप्टेंबर २००६ रोजी कुरुंदवाडची गणेश बँक फेडरल बँकेत विलीन झाली. त्याच दिवशी साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर स्थगिती लागू झाली आणि ३ ऑक्टोबर २००६ रोजी ती बँक आय.डी.बी.आय.मध्ये सामावली. १९ एप्रिल २००७ रोजी सांगली बँक आय.सी.आय.सी.आय. बँकेत विलीन झाली. अवघ्या साडेसात महिन्यांच्या अवधीत कृष्णा खोऱ्यातील तीन जुन्या खाजगी बँकांच्या पाट्या उतरल्या. त्यापूर्वी १९८५ साली मिरज स्टेट बँक युनियन बँक ऑफ इंडियामध्ये गेली होती, आणि १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँक ऑफ कराड बुडाली होती.

या बँका का टिकल्या नाहीत, या प्रश्नाला बहुधा एका शब्दात उत्तर दिले जाते : अकार्यक्षमता. हा शब्द वापरणे सोपे आहे; परंतु तो मोजून दाखविणे मात्र अवघड आहे. कार्यक्षमता कोणत्या कामातील, कोणाच्या तुलनेत आणि कोणाच्या दृष्टीने, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरविता काढलेला गुणांक दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत अचूक दिसला तरी त्यातून फारसा बोध होत नाही. प्रस्तुत लेखात बँका व विमा संस्थांची कार्यक्षमता मोजण्याच्या प्रमुख पद्धतींचे स्वरूप स्पष्ट करून, विकसनशील अर्थव्यवस्थेत त्या लावताना कोणते निर्णय आधी घ्यावे लागतात याचे विवेचन सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या अनुभवाच्या आधारे केले आहे.

कार्यक्षमता, नफा आणि सुस्थिती

या तीन संकल्पनांची गल्लत पदव्युत्तर प्रबंधांतही वारंवार आढळते. नफा हा किमतींवर अवलंबून असतो. ज्या गावात दुसरी बँक नाही तेथे आळशी बँकही नफा मिळवू शकते. सुस्थिती म्हणजे तोटा सोसण्याची ताकद. ती भांडवलावर व कर्जांच्या गुणवत्तेवर ठरते. कार्यक्षमता ही तिसरी गोष्ट आहे. उपलब्ध साधनांतून जितके काम होऊ शकले असते त्याच्या किती प्रमाणात ते झाले, एवढाच तिचा अर्थ.

एम. जे. फॅरेल या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली ही कल्पना मोजता येईल अशा स्वरूपात मांडली. त्याने कार्यक्षमतेचे दोन भाग केले. तेवढ्याच साधनांत अधिक उत्पादन न निघणे ही तांत्रिक अकार्यक्षमता होय. साधनांची निवडच किमतींच्या दृष्टीने चुकीची असणे ही वाटपातील अकार्यक्षमता. एखाद्या शाखेत पाच जणांचे काम आठ जण करीत असतील तर तो पहिला दोष. मजुरी स्वस्त असलेल्या तालुक्यात महागडी यंत्रसामग्री बसविली आणि ती दिवसभर रिकामी राहिली, तर तो दुसरा. दोन्हींचा परिणाम ताळेबंदात सारखाच दिसतो, म्हणजे खर्च वाढलेला दिसतो. उपाय मात्र वेगवेगळे असतात.

फॅरेलच्या मांडणीतील महत्त्वाची बाब म्हणजे कार्यक्षमता ही निरपेक्ष नाही. आदर्श बँक कोणीही पाहिलेली नाही. म्हणून प्रत्यक्षातील उत्तम संस्थांवरून एक सीमारेषा आखायची आणि इतर संस्था तिच्यापासून किती आत आहेत ते मोजायचे, असा हा मार्ग आहे. सीमारेषा कोणावरून आखली, यावर पुढील सर्व काही अवलंबून राहते.

गुणोत्तरांपासून सीमारेषेपर्यंत

भारतीय बँकांच्या अहवालांत आजही प्रामुख्याने गुणोत्तरेच आढळतात : प्रति कर्मचारी व्यवसाय, प्रति शाखा ठेवी, कर्ज-ठेव प्रमाण, आस्थापना खर्चाचे प्रमाण. सांगली बँकेचे उदाहरण घेता येईल. १९१६ साली स्थापन झालेल्या या बँकेकडे ३१ मार्च २००६ रोजी सुमारे २,००४ कोटी रुपयांच्या ठेवी व ८८८ कोटी रुपयांची कर्जे होती. शाखा व विस्तार कक्ष मिळून संख्या १९८ आणि कर्मचारी सुमारे १,८५० होते. यावरून प्रति कर्मचारी व्यवसाय सुमारे १ कोटी ५६ लाख रुपये, प्रति शाखा ठेवी सुमारे १० कोटी रुपये आणि कर्ज-ठेव प्रमाण ४४ टक्के येते.

या तीन आकड्यांतून बँकेविषयी तीन वेगवेगळी मते तयार होऊ शकतात. ठेवींच्या बाबतीत बँकेवर लोकांचा विश्वास दिसतो. कर्जाच्या बाबतीत ती मागे पडलेली दिसते. शंभर रुपये ठेव घेऊन ती ४४ रुपयेच कर्जाऊ देत होती. कर्मचाऱ्यांचा आकडा चांगला की वाईट हे तुलनेशिवाय सांगता येत नाही, आणि तुलना मुंबईच्या नव्या खाजगी बँकेशी करायची की जिल्ह्यातील सहकारी बँकेशी, हा प्रश्न पुन्हा उरतोच. एका वेळी एकच साधन व एकच फलित पाहणे ही गुणोत्तरांची मूळ मर्यादा आहे.

ती ओलांडण्यासाठी १९७८ साली चार्न्स, कूपर व ऱ्होड्स यांनी ‘डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस’ ही पद्धती मांडली. तिला पुढे संक्षेपाने ‘डी.ई.ए.’ म्हटले आहे. संस्था जे वापरते ती आदाने आणि जे देते ती प्रदाने. अनेक आदाने व अनेक प्रदाने एकत्र घेऊन रेषीय प्रायोजनाच्या साहाय्याने प्रत्येक संस्थेचा ० ते १ या दरम्यानचा गुणांक काढला जातो. प्रत्येक संस्थेला तिच्या सर्वाधिक सोयीचे भार निवडण्याची मुभा असते. अशी मुभा देऊनही ती मागे पडत असेल तरच तिला अकार्यक्षम म्हणायचे, असा हा उदार न्याय आहे. १९८४ साली बँकर, चार्न्स व कूपर यांनी त्यात संस्थेच्या आकारमानाचा परिणाम वेगळा काढण्याची सोय केली. १९८५ साली शर्मन व गोल्ड यांनी अमेरिकेतील एका बचत बँकेच्या १४ शाखांना ही पद्धती लावली, आणि तेथून बँकिंग क्षेत्रात तिचा प्रसार सुरू झाला.

पद्धती समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण पुरेसे आहे. एकाच बँकेच्या तीन शाखा आहेत व प्रत्येकीत १० कर्मचारी आहेत. ‘क’ शाखेकडे २० कोटींच्या ठेवी व ५ कोटींची कर्जे आहेत. ‘ख’ शाखेकडे ८ कोटींच्या ठेवी व १७ कोटींची कर्जे आहेत. कमी पडणारी रक्कम तिला मुख्य कचेरीकडून मिळते. ‘ग’ शाखेकडे ठेवी १० कोटी व कर्जेही १० कोटी आहेत. कर्मचारी हे आदान आणि ठेवी व कर्जे ही दोन प्रदाने मानली तर ‘क’ व ‘ख’ या दोन्ही शाखा सीमारेषेवर येतात. त्यांना जोडणाऱ्या रेषेवर ठेवी व कर्जांची बेरीज २५ कोटी आहे. ‘ग’ची २० कोटी. म्हणून ‘ग’चा गुणांक ०.८० येतो.

आता एकच बदल करावा. ठेवींना प्रदान न मानता आदान मानावे, म्हणजे ठेव हा बँकेचा कच्चा माल आणि कर्ज हा पक्का माल. मग ‘ख’ शाखा एकटीच सीमारेषेवर राहते. ‘ग’चा गुणांक ०.५९ होतो आणि ‘क’, जी आतापर्यंत पूर्ण कार्यक्षम होती, ती ०.२९ वर येते. शाखेत काहीही बदललेले नाही. तेच व्यवस्थापक, तेच रोखपाल, तोच दिवस. संशोधकाने एक रकाना डावीकडून उजवीकडे नेला एवढेच. आणि ‘ख’ शाखा अभ्यासातून वगळली तर ‘ग’ एकदम १.०० वर जाते व ‘क’ ०.५० वर.

दुसरी प्रमुख पद्धती ‘स्टोकॅस्टिक फ्रंटियर’ या नावाने ओळखली जाते. १९७७ साली ती एकाच वेळी दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली. तीत सीमारेषा संख्याशास्त्रीय समीकरणाने काढली जाते आणि प्रत्यक्षातील तफावतीचे दोन भाग केले जातात : एक दैवाधीन चढउतार, दुसरा अकार्यक्षमता. डी.ई.ए.मध्ये अशी विभागणी नाही; तेथे अवर्षणही व्यवस्थापकाच्याच खात्यावर पडते. मात्र समीकरणाचे स्वरूप आधी गृहीत धरावे लागणे ही या दुसऱ्या पद्धतीची अडचण आहे, आणि त्यासाठी निरीक्षणांची संख्याही मोठी लागते. डी.ई.ए.मध्येही संस्थांची संख्या आदाने व प्रदाने यांच्या बेरजेच्या किमान तिप्पट असावी, असा संकेत आहे. दहा-बारा बँका घेऊन त्यांवर पाच आदाने व चार प्रदाने लादली, तर बहुतेक सर्व बँका १.०० वर येतात आणि अभ्यास निरर्थक ठरतो. असे अभ्यास दुर्मिळ नाहीत.

ठेव : कच्चा माल की पक्का माल?

वरील काल्पनिक उदाहरणातील प्रश्न हाच बँकांच्या कार्यक्षमतेवरील वाङ्मयाचा मध्यवर्ती वाद आहे. बँक ही खाती उघडणारी, धनादेश वटविणारी, पैसे सांभाळणारी सेवासंस्था मानली तर ठेव हे प्रदान ठरते. बँक ही बचतदार व कर्जदार यांच्यातील मध्यस्थ मानली तर ठेव हे आदान ठरते. १९७७ साली सीली व लिंडले यांनी दुसरी बाजू तर्कशुद्ध रीतीने मांडली आणि विकसित देशांतील बहुतांश अभ्यासांनी ती उचलली. बर्जर व हंफ्रे यांनी १९९७ साली २१ देशांतील १३० अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांतील मोठा भाग अमेरिकेविषयीचा होता. म्हणजे आज ज्या चौकटी पाठ्यपुस्तकातून सर्वमान्य म्हणून येतात त्या मुख्यतः अमेरिकन बँकांवर बेतलेल्या आहेत.

भारतापुरता याचा परिणाम लक्षणीय आहे. भट्टाचार्य, लव्हेल व सहाय यांनी १९८६ ते १९९१ या काळातील भारतीय व्यापारी बँकांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. त्यात सार्वजनिक क्षेत्रातील बँका सर्वाधिक कार्यक्षम व खाजगी बँका सर्वांत मागे आढळल्या. उदारीकरणाच्या ऐन उमेदीत हा निष्कर्ष अनेकांना धक्कादायक वाटला. परंतु त्या अभ्यासात ठेवींना प्रदान मानले होते, आणि १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर खेडोपाडी शाखा उघडून ठेवी गोळा करणे हेच सार्वजनिक बँकांना दिलेले काम होते. जे काम सांगितले ते त्यांनी केले, असा त्या निष्कर्षाचा साधा अर्थ आहे. नफ्याचे काम त्यांना सांगितलेच नव्हते.

सांगली बँकेच्या बाबतीत हा वाद निव्वळ तात्त्विक राहत नाही. मध्यस्थीच्या चौकटीत ४४ टक्के कर्ज-ठेव प्रमाण असलेली बँक तळाशी जाते. परंतु डिसेंबर २००६ मध्ये विलीनीकरण जाहीर झाले तेव्हा सांगली बँकेच्या ९२५ समभागांमागे आय.सी.आय.सी.आय. बँकेचे १०० समभाग देण्याचे ठरले. भांडवल पर्याप्तता अवघी १.६ टक्के आणि वर्षाचा तोटा सुमारे २९ कोटी, अशा बँकेसाठी हे मोल कशाचे? कर्जांचे निश्चितच नव्हे. ते १९८ ठिकाणांच्या जाळ्याचे आणि त्या जाळ्यात पिढ्यान्‌पिढ्या साचलेल्या स्वस्त ठेवींचे होते. संशोधकाच्या रकान्यात जो कच्चा माल होता तोच खरेदीदाराने पक्का माल म्हणून घेतला. या एका व्यवहारावरून कोणतीही चौकट खोटी ठरत नाही. तथापि विकसनशील अर्थव्यवस्थेत ठेव गोळा करणे हेच खर्चाचे व कौशल्याचे काम आहे, एवढे त्यावरून मान्य करावे लागते. दोन्ही चौकटींतील गुणांक शेजारी शेजारी द्यावेत आणि क्रम कोठे उलटतो ते दाखवावे, हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग होय.

माण आणि कराड एका तागडीत

डी.ई.ए.चे एक मूक गृहीतक असे की तुलनेतील सर्व संस्था सारख्याच परिस्थितीत काम करतात. सातारा जिल्ह्यात हे गृहीतक टिकत नाही. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपास. सांगलीत वाळवा तालुक्याचा ऊसपट्टा आणि आटपाडीचे माळरान यांत असेच अंतर आहे. ऊसपट्ट्यातील शाखेला कर्जदार शोधावा लागत नाही. पीककर्ज, साखर कारखान्याची वसुली, ट्रॅक्टर, पाणीपुरवठा योजना या साखळीत बँक सहज बसते.

दुष्काळी पट्ट्याचे आर्थिक गणित वेगळे आहे. खानापूर, आटपाडी, माण, खटाव भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यात भारतभर पसरले आहेत. साताऱ्याच्या डोंगरी भागातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत गेली. पैसा बाहेर मिळतो, गावाकडे येतो, ठेवीत पडतो. परंतु गावात त्यातून उभा राहील असा धंदा कमी. अशा शाखेचे कर्ज-ठेव प्रमाण कमी असणे हे व्यवस्थापकाच्या आळसापेक्षा पर्जन्यमानाचे व स्थलांतराचे फलित असते. त्या शाखेने प्रमाण वाढविण्याचा आग्रह धरला तर काय होईल, हेही विचारात घेतले पाहिजे. जेथे परतफेडीची ताकद नाही तेथे कर्ज दिले जाईल, गुणांक दोन वर्षे वाढेल आणि तिसऱ्या वर्षी थकबाकी.

यावर उपाय म्हणून द्विस्तरीय विश्लेषण करतात. आधी गुणांक काढायचे आणि नंतर पर्जन्य, सिंचनाखालील क्षेत्र, लोकसंख्येची घनता अशा बाह्य घटकांशी त्यांचा संबंध पाहायचा. याहून सोपा मार्ग म्हणजे सारख्या परिस्थितीतील शाखांचे गट करून तुलना गटातच करणे. तांत्रिक डौल यात कमी आहे; परंतु शाखाधिकाऱ्याला निकाल दाखविल्यावर तो मान्य करील अशी शक्यता अधिक.

माण तालुक्यातील म्हसवड येथील माणदेशी महिला सहकारी बँकेचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. बँक स्थापन करू पाहणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींना लिहितावाचता येत नव्हते, म्हणून परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला; पुढे १९९७ मध्ये बँक उभी राहिली. बाजारात जाऊन लहान लहान रकमा गोळा करणे हे अशा बँकेचे रोजचे काम. शंभर रुपयांची ठेव स्वीकारण्यास लागणारा वेळ आणि एक लाखाची ठेव स्वीकारण्यास लागणारा वेळ यांत फारसा फरक नाही. प्रदान रुपयांत मोजले तर ही बँक खर्चिक दिसते. खात्यांच्या किंवा व्यवहारांच्या संख्येत मोजले तर तिचा खर्च वाजवी दिसतो. रुपयांत मोजणे हा मोठ्या खातेदाराच्या बाजूने दिलेला कौल आहे, हे संशोधकाच्या ध्यानातही येत नाही.

सहकारी बँकांबाबत आणखी एक अडचण आहे. सभासद हाच मालक व तोच कर्जदार. व्याजदर अर्ध्या टक्क्याने उतरविला तर सभासदाचा लाभ होतो आणि बँकेचे उत्पन्न घटते. व्याजाचे उत्पन्न हे प्रदान धरणाऱ्या चौकटीत अशी सवलत देणारी बँक अकार्यक्षम ठरते; वस्तुतः तिने स्थापनेचा उद्देश पार पाडलेला असतो.

जो धोका रकान्यात नाही

आतापर्यंतचे विवेचन बँकांच्या बाजूने झुकलेले वाटेल. परंतु हीच सदोष चौकट काही बँकांवर अन्याय करते तशी काहींना अपात्री श्रेयही देते, आणि त्याची किंमत अखेर ठेवीदार मोजतो.

बँक ऑफ कराडचे प्रकरण बोलके आहे. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात, पाठीशी पुरेसे सरकारी रोखे नसताना या बँकेने बँक पावत्या दिल्याचे उघडकीस आले आणि बँक अवसायनात गेली. अशा व्यवहाराला कर्मचारी थोडे लागतात, जागा लागत नाही, आणि उलाढाल मात्र प्रचंड दिसते. प्रति कर्मचारी व्यवसायाच्या कोणत्याही कोष्टकात अशी बँक, उघडी पडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत, वरच्या स्थानावर राहिली असती. पारंपरिक डी.ई.ए.नेही तिला धोक्याचा इशारा दिला नसता, कारण धोका हा त्या पद्धतीत ना आदान आहे ना प्रदान.

युनायटेड वेस्टर्न बँकेचा प्रकार निराळा. १९३६ साली साताऱ्यात स्थापन झालेली, २३० शाखांचा विस्तार असलेली ही बँक २००६ पर्यंत भांडवल पर्याप्ततेत शून्याच्याही खाली गेली होती. ३१ मार्च २००० पासून किमान प्रमाण ९ टक्के ठरलेले होते. विलीनीकरणात भागधारकाला प्रति समभाग २८ रुपये रोख मिळाले. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले. या बँकेने कर्जे दिली नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रश्न दिलेल्या कर्जांपैकी परत आलेल्या कर्जांचा होता. कर्जांची एकूण रक्कम प्रदान म्हणून घेणारा अभ्यास बुडीत कर्जालाही उत्पादनच मानतो. कारखान्यातील नापास माल विक्रीयोग्य मालात मोजावा तसा हा प्रकार आहे.

म्हणून अलीकडच्या अभ्यासांत अनुत्पादित कर्जे ‘अनिष्ट प्रदान’ म्हणून वेगळी घेतात व भागभांडवलाला आदानांत स्थान देतात. पद्मनाभन समितीच्या १९९५ च्या शिफारशींनंतर रिझर्व्ह बँकेने तपासणीत स्वीकारलेली ‘कॅमल’ गुणांकन पद्धती भांडवल, मालमत्तेची गुणवत्ता, व्यवस्थापन, उत्पन्न व रोखता या निकषांवर बँक पाहते. ती सुस्थिती मोजते, कार्यक्षमता नव्हे. दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवले तर जी बँक एकात वर आणि दुसऱ्यात खाली असेल तिच्याकडे प्रथम पाहिले पाहिजे.

ठेवीदाराच्या दृष्टीने हा प्रश्न जुना झालेला नाही. कराड जनता सहकारी बँकेवर नोव्हेंबर २०१७ पासून रिझर्व्ह बँकेचे निर्बंध होते आणि डिसेंबर २०२० मध्ये तिचा परवाना रद्द झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेलेली असल्याने ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळण्याची व्यवस्था झाली. तथापि निर्बंध लागल्यापासून परवाना रद्द होईपर्यंत तीन वर्षे गेली. मुलीचे लग्न, दवाखाना, बियाणे यांसाठी ठेवलेला पैसा तीन वर्षे अडकणे याची नोंद कोणत्याही गुणांकात होत नाही.

विमा : पुराच्या वर्षी वाढणारी कार्यक्षमता

सातारा हे नाव भारतीय विम्याच्या इतिहासातही आहे. युनायटेड वेस्टर्न बँकेचे संस्थापक अण्णासाहेब चिरमुले यांनी त्यापूर्वी, १९१३ साली, साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली होती. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशातील २४५ संस्थांबरोबर तीही आयुर्विमा महामंडळात गेली. जानेवारी २०१९ मध्ये महामंडळाने आय.डी.बी.आय. बँकेचे ५१ टक्के भाग घेतले. चिरमुले यांची विमा कंपनी व त्यांची बँक अशा रीतीने त्रेसष्ट वर्षांच्या फेऱ्यानंतर एका छपराखाली आली. मात्र त्या छपराचा साताऱ्याशी तोवर संबंध उरला नव्हता.

राष्ट्रीयीकरणानंतर मापनाची एक विचित्र अडचण निर्माण झाली. तुलनेसाठी दुसरी संस्थाच राहिली नाही. टोन व साहू यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यावर मार्ग काढला तो असा की महामंडळाच्या १९ वर्षांपैकी प्रत्येक वर्ष ही एक स्वतंत्र संस्था मानली आणि महामंडळाची तुलना महामंडळाशीच केली. १९९४-९५ नंतर खर्चाची कार्यक्षमता घसरलेली आणि २०००-०१ मध्ये सुधारलेली आढळली. घसरणीचे कारण त्यांनी आधुनिकीकरणावरील मोठ्या प्रारंभिक खर्चात पाहिले. संगणकीकरणाचा खर्च आज होतो व लाभ नंतर मिळतो. वार्षिक गुणांकाला एवढा धीर नसतो. २००० नंतर आलेल्या खाजगी आयुर्विमा कंपन्यांबाबतही हेच घडले. पहिल्या वर्षाचे कमिशन व शाखा उघडण्याचा खर्च जड असल्याने वेगाने वाढणारी कंपनी अकार्यक्षम आणि वाढ थांबलेली कंपनी कार्यक्षम दिसते. पाच वर्षांनंतर किती पॉलिसी चालू राहिल्या हा प्रश्न यापेक्षा अधिक उपयोगाचा आहे. कारण बंद पडलेल्या पॉलिसीत एजंटाला कमिशन मिळालेले असते व विमेदाराला संरक्षण मिळालेले नसते.

सर्वसाधारण विम्यात प्रदान कोणते हे ठरविणे त्याहून कठीण. विमा कंपनी जोखीम पेलते, आणि पेललेली जोखीम प्रत्यक्ष दिसत नाही. म्हणून अनेक अभ्यासांत दिलेल्या दाव्यांची रक्कम प्रदान धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. दुकाने, वाहने, गोदामे बुडाली. दावे वाढले की या चौकटीत विमा कंपनी अधिक कार्यक्षम ठरते! पुढच्या वर्षी पूर आला नाही, दावे घटले, की तीच कंपनी अकार्यक्षम. नदीची पातळी आणि व्यवस्थापनाचे कौशल्य यांचा असा संबंध जोडणे अर्थातच हास्यास्पद आहे. दाव्यांची अनेक वर्षांची सरासरी किंवा अपेक्षित हानी घेतल्यास दोष कमी होतो.

दाव्यांऐवजी हप्त्यांची रक्कम प्रदान धरली तर दुसरा दोष येतो. हप्ता म्हणजे किंमत गुणिले विक्री. महाग विमा विकणारी कंपनी आपोआप वर जाते. पीक विम्यात तर हे फारच उघड आहे. २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री फसल विमा योजनेत शेतकऱ्याचा वाटा खरिपासाठी २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के व नगदी आणि फळपिकांसाठी ५ टक्के ठरविला गेला. उरलेला हप्ता केंद्र व राज्य शासन भरते. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याला एक रुपयात विमा मिळू लागला. २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली. या काळातील हप्त्यांची वाढ ही कंपनीच्या विक्रीकौशल्याची नव्हे, शासनाच्या अनुदानाची वाढ होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रदान म्हणजे नुकसान झाल्यापासून खात्यात पैसे येईपर्यंतचे दिवस. ते आदानांच्या बाजूला, जितके कमी तितके चांगले अशा रीतीने, मांडता येतात.

आकडे कोठे मिळतात

विलीनीकरणानंतर कार्यक्षमता वाढली का, हा प्रश्न साहजिक आहे. परंतु प्रसिद्ध ताळेबंदांवरून त्याचे उत्तर मिळत नाही. सांगली बँकेचे व युनायटेड वेस्टर्न बँकेचे आकडे मोठ्या बँकांच्या आकड्यांत मिसळून गेले. तसेच, २०१० नंतर टिकून असलेल्या बँकाच निवडणाऱ्या अभ्यासांत या खोऱ्यातील बँका मुळातच नसतात. अशा अभ्यासात सीमारेषेपासून सर्वांत दूर असलेल्या संस्था आधीच गाळल्या गेल्याने उरलेल्यांचे गुणांक परस्परांजवळ येतात.

जिल्हा पातळीवर मात्र साधन उपलब्ध आहे. रिझर्व्ह बँक व्यापारी बँकांच्या ठेवी व कर्जांची आकडेवारी जिल्हावार प्रसिद्ध करते. अग्रणी बँकेच्या, म्हणजे साताऱ्यात बँक ऑफ महाराष्ट्रच्या व सांगलीत बँक ऑफ इंडियाच्या, वार्षिक पतपुरवठा आराखड्यांत तालुका व बँकनिहाय उद्दिष्टे व साध्य असते. २००६ पूर्वीची व नंतरची दहा-दहा वर्षे घेऊन खानापूर, आटपाडी, माण, खटाव हा एक गट आणि कराड, वाळवा, पलूस हा दुसरा गट वेगळा ठेवल्यास, स्थानिक बँका गेल्यानंतर कोणत्या पट्ट्यातील लहान कर्जदाराला कर्ज मिळेनासे झाले व कोणत्या पट्ट्यात काही फरक पडला नाही, हे तपासता येईल. सहकारी बँकांचे व पतसंस्थांचे आकडे त्यात जोडावे लागतील. कारण खाजगी बँकेची शाखा सोडलेला कर्जदार बहुधा तेथेच गेला असणार.